टप काढला तर गाडी जास्त पळते का?

– द्वितीय वर्ष, कला

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने मोटारगाडीच्या छपरावर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. संपादक मंडळातील एका मित्राने तो मला तोंडावर विचारलाही. ‘कविता नाही का एखादी?’ असे तो म्हणाला. कविता मला येत नाही. शिवाय या विषयाचे माझ्याकडे थोडे देणे आहे. ते काय, हे लेखाच्या शेवटी सांगेन.

माझे वडील, म्हणजे अण्णा, ट्रक चालवतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या ट्रकमधून गावी निघाले होते. सोलापूर रस्त्यावर एका ढाब्यापुढे तांबड्या रंगाची, दोनच माणसे बसतील अशी एक बुटकी गाडी उभी होती. तिचा टप काढून ठेवलेला होता. अण्णांच्या क्लीनरने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, “टप काढला की वजन कमी. वजन कमी झालं की गाडी सुटणारच.”

अण्णा चहा पीत होते. ते म्हणाले, “वजन कमी होत असंल. पण वारं पोटात शिरतं. वारं पोटात शिरलं की गाडी जड चालते.”

दोघांची एका चहाची पैज लागली, आणि निवाडा करायचे काम ‘तू शिकतीस ना’ म्हणून माझ्याकडे आले. मला काहीच सांगता आले नाही. सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात बसले, आणि विज्ञान शाखेच्या सरांकडे चार वेळा जाऊन डोके खाल्ले. त्यातून जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञान न शिकलेल्यांसाठी येथे मांडत आहे. जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

हवेलाही वजन असते

आपण हवेला ‘काहीच नाही’ असे समजतो. ‘हवेत विरून गेले’ असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. पण एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. आपला वर्ग १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच धरला, तर त्यात जवळजवळ ३८४ किलो, म्हणजे पावणेचार क्विंटलच्या वर हवा असते. व्याख्यान चालू असताना आपण एवढे ओझे भोवती घेऊन बसलेलो असतो.

आता ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी एक बुटकी गाडी घ्या. समोरून पाहिले तर तिचा आकार सुमारे १.८ चौरस मीटर भरतो. एका सेकंदात ती २८ मीटर पुढे जाते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६० किलो हवा तिच्या वाटेत येते. ही हवा बाजूला सारायची आणि गाडी गेल्यावर पुन्हा जागेवर येऊ द्यायची, हे काम इंजिनालाच करावे लागते.

या अडथळ्याला वायुरोध म्हणू. त्याचा हिशेब असा: हवेच्या घनतेची निमपट, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले समोरचे क्षेत्रफळ, गुणिले एक आकडा. हा शेवटचा आकडा गाडीचा आकार हवेला किती मानवतो ते सांगतो. त्याला रोधगुणांक म्हणतात. एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचना असते, तरी लहानपणी तो आपण सर्वांनीच काढलेला असतो. हात आडवा धरला तर वारा सुरीसारखा कापला जातो आणि तळवा समोर केला की हात मागे ढकलला जातो. क्षेत्रफळ आणि आकार या दोहोंचा धडा तेथेच मिळतो.

वेगाच्या वर्गाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. रोधावर मात करायला लागणारी शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणून स्तब्ध हवेत वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते. हे वाक्य समजायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. पण ते समजल्यावर पुढचे बरेचसे आपोआप समजले.

भोक म्हणजे मोकळी वाट नव्हे

क्लीनरची समजूत अशी की छप्पर गेले म्हणजे अडथळा गेला. वरवर पाहता कोणालाही तसेच वाटेल. मलाही वाटले होते.

पण हवा कशी चालते ते पाहू. बंद गाडीत हवा पुढच्या काचेवरून वर चढते, छपराच्या अंगाने सरकते आणि मागच्या काचेवरून खाली उतरते. छप्पर तिला वाट दाखवते. छप्पर काढल्यावर पुढच्या काचेच्या वरच्या कडेपाशी तिचा आधारच तुटतो. वर वेगाने जाणारी हवा आणि आत जवळजवळ स्थिर असलेली हवा यांच्या सीमेवर भोवरे तयार होतात. ओढ्यात मोठ्या दगडाच्या पाठीमागे पाणी गरगर फिरते आणि काटक्या उलट्या दिशेला वाहताना दिसतात, तसाच हा प्रकार. उघड्या गाडीत बसणाऱ्याचे केस मागे उडण्याऐवजी तोंडावर येतात ते याच उलट वाऱ्यामुळे. वारा पाठीमागून मानेवर येतो. तो अडवण्यासाठी मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९८९ साली आपल्या एसएल गाडीत बैठकांच्या मागे उभी करायची एक जाळी आणली.

भोवरा फुकट फिरत नाही. त्याला फिरवणारी ऊर्जा शेवटी गाडीच्या टाकीतूनच येते. त्यामुळे छप्पर काढल्यावर रोधगुणांक साधारणपणे वाढतो. अण्णांचे ‘वारं पोटात शिरतं’ हे वर्णन शास्त्रीय परिभाषेत बसत नाही, पण खोटेही नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. संपूर्ण उघडी गाडी वेगळी आणि फक्त डोक्यावरचा तुकडा निघणारी गाडी वेगळी. दुसऱ्या प्रकाराला ‘टार्गा’ हे नाव पडले आहे. सिसिली बेटावर १९०६ पासून ‘टार्गा फ्लोरिओ’ नावाची मोटारशर्यत होत असे. तिच्यावरून जर्मनीच्या पोर्श कंपनीने १९६५ साली दाखवलेल्या आपल्या ९११ टार्गा गाडीला हे नाव दिले. उघड्या गाड्या उलटल्यावर आतील माणसे वाचत नाहीत म्हणून अमेरिकेत त्यांच्यावर बंदी येईल, अशी तेव्हा धास्ती होती. म्हणून पोर्शने बैठकांच्या मागे एक भक्कम रुंद कमान ठेवली आणि कमानीच्या पुढचा तुकडा काढता येईल असा केला. त्याच वर्षी, पोर्शच्या काही महिने आधी, जपानच्या टोयोटाने ‘स्पोर्ट्स ८००’ ही निघत्या टपाची चिमुकली गाडी बाजारात आणली होती, हेही नोंदवले पाहिजे.

टार्गा प्रकारात मागची कमान आणि काच जागेवर राहते. त्यामुळे हवा भोकावरून उडी मारून बरीचशी पलीकडच्या काठावर उतरते. संपूर्ण उघड्या गाडीत तिला उतरायला काठच नसतो. म्हणून टार्गाचे नुकसान त्या मानाने कमी असते.

बाटलीतला आवाज

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ‘हूं’ असा आवाज येतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या घटनेचा अभ्यास केला. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते, व फुंकरीतले भोवरे तिला ठेका देतात. छपराला झरोका असलेली गाडी ही अशीच एक मोठी बाटली आहे. बाटली मोठी असल्याने आवाज इतका खालच्या पट्टीचा, सेकंदाला पंधरा-वीस कंपनांच्या आसपासचा असतो, की तो नीट ऐकू येत नाही. कानांवर आणि छातीवर दणके बसल्यासारखे मात्र वाटते. ठरावीक वेगाला तो सुरू होतो. वेग थोडा बदलला किंवा एखादी खिडकी जराशी उघडली की थांबतो. अनेक गाड्यांत झरोक्याच्या पुढच्या कडेला एक लहानशी पट्टी वर उठते, ती हे भोवरे मोडण्यासाठीच.

आकड्यांची साक्ष

नुसत्या बोलण्याने पैज सुटत नाही, म्हणून हिशेब करू. अमेरिकेच्या शेव्हरोले कंपनीची १९८४ सालची कॉर्व्हेट गाडी घेऊ. तिचा टप अखंड निघतो आणि टप लावलेला असताना तिचा रोधगुणांक ०.३४ होता. समोरचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरू. टप काढल्यावर गुणांक ०.४० झाला असे उदाहरणापुरते मानू. हा मोजलेला आकडा नव्हे, हिशेबासाठी घेतलेला आहे.

ताशी १०० किलोमीटरला टप लावून वाऱ्यासाठी सुमारे साडेदहा अश्वशक्ती लागते. टप काढून साडेबारा. फरक दोनच अश्वशक्तींचा. दोनशेच्या वर अश्वशक्ती असलेल्या इंजिनाला तो जाणवणारही नाही. पण ताशी २०० किलोमीटरला तेच आकडे सुमारे ८५ आणि ९९ होतात. आता फरक चौदा अश्वशक्तींचा झाला. म्हणजे आठवडी बाजाराला रमतगमत जायचे तर टप काढला काय नि ठेवला काय, सारखेच. पण शर्यतीत तोच फरक महाग पडतो.

कमाल वेगाचा हिशेबही यातूनच निघतो. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून गुणांक वाढला तरी कमाल वेग त्याच प्रमाणात कोसळत नाही, घनमुळाच्या प्रमाणात उतरतो. वरच्या उदाहरणात बंद गाडी ताशी २४० किलोमीटर जात असेल, तर उघडी साधारण २२७ पर्यंत जाईल.

आणि वजनाचे काय? क्लीनरचा मुद्दा अजून शिल्लक आहे. बहुतेक वेळा काढलेला टप गाडीतच, बैठकांच्या मागे किंवा डिकीत ठेवतात. मग वजन तेवढेच राहते. फक्त ते वरून खाली आल्याने गुरुत्वमध्य किंचित खाली येतो. टप घरी ठेवला तर काही किलो वाचतात आणि सुरुवातीचा वेग घेताना, जेव्हा वाऱ्याचा रोध अगदी कमी असतो, तेव्हा त्याचा जेमतेम फायदा होतो. क्लीनर अगदीच चुकला नव्हता. पहिल्या काही सेकंदांपुरता तो बरोबर होता.

काडेपेटीचा प्रयोग

वाऱ्यापेक्षाही मोठा फरक पडतो तो गाडीच्या ताठपणात. हा प्रयोग वाचकांनी जरूर करून पाहावा. काडेपेटीचा आतला खण बाहेर काढा आणि दोन्ही टोके धरून पिळा. तो सहज पिळवटतो. आता तो बाहेरच्या वेष्टनात घालून पिळा. चारही बाजू बंद असलेली पेटी दाद देत नाही.

छप्पर हे गाडीच्या पेटीचे झाकण आहे. ते काढले की खड्ड्यात एक चाक गेल्यावर सगळा सांगाडा पिळतो. पुढची काच थरथरते, दारे कुरकुरतात, आणि चाके रस्त्यावर ज्या कोनात असावीत त्या कोनात राहत नाहीत, म्हणून वळणावर गाडीचा नेम चुकतो. १९६८ च्या कॉर्व्हेटला अखंड टप देण्याचा विचार होता. पण सांगाडा पिळू लागल्याने मध्ये एक आडा ठेवून दोन्ही बाजूंना दोन वेगळे तुकडे द्यावे लागले. १९८४ च्या गाडीत तो आडा काढून टाकण्याचा निर्णय उशिरा झाला. गेलेला ताठपणा भरून काढण्यासाठी दाराखालच्या तुळया इतक्या उंच कराव्या लागल्या, की आत शिरताना उंबरठा ओलांडल्यासारखा पाय उचलावा लागे. १९९७ च्या गाडीची आखणी मात्र उघडी गाडी गृहीत धरूनच झाली. तिच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखा बंद बोगदा आणि दोन्ही कडांना अखंड घडवलेल्या तुळया देण्यात आल्या. म्हणजे झाकण काढायचे असेल तर पेटीचा तळ आधीच भक्कम हवा. या भक्कमपणाचे वजन कायमचे अंगावर बसते. टप काढून वाचवलेले वजन कधीच कुठे निघून गेलेले असते!

टप उडतो कसा?

छपरावरून जाणारी हवा वाकून जाते, म्हणून तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. आतला दाब मात्र तसाच राहतो. परिणामी छप्पर वर ओढले जाते. कापडी टपाच्या गाड्या वेगात असताना टप फुग्यासारखा वर फुगतो तो यामुळे. ताशी १६० किलोमीटरला एक चौरस मीटर तुकड्यावर, वाऱ्याच्या दाबाच्या निम्मी ओढ धरली, तरी ती ६० किलो वजनाइतकी होते. एखादा माणूस छपराला आतून खांद्याने ढकलत उभा आहे असे समजा. म्हणूनच १९८४ च्या कॉर्व्हेटचा टप चार बोल्टांनी आवळलेला असे आणि काढायला पाना लागे.

शर्यतीचा दाखला

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीचा इतिहास या बाबतीत वाचनीय आहे. १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षे तेथे जॅग्वारची ‘डी-टाइप’ ही उघडी गाडी जिंकली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला होता. ते पूर्वी विमान कंपनीत काम करीत. त्यांनी गाडी उघडी ठेवली, पण शेजारच्या बैठकीवर झाकण घातले आणि चालकाच्या डोक्यामागे माशाच्या परासारखा उभा पंख बसवला. म्हणजे भोक ठेवायचेच तर ते जितके लहान तितके बरे!

पुढे ऑडी कंपनीने कित्येक वर्षे तेथे उघड्या गाड्या पळवल्या. चालक चटकन बदलता येतो, बाहेरचे नीट दिसते, आत उकडत नाही, हे त्यांचे फायदे. २००७ आणि २००८ मध्ये प्यूजोची बंद गाडी अधिक वेगवान असूनही ऑडीची उघडी गाडीच जिंकली. २००९ मध्ये मात्र प्यूजोने बाजी मारली. २०११ मध्ये ऑडीनेही छपराची ‘आर १८’ आणली आणि ती अवघ्या चौदा सेकंदांच्या आत-बाहेर शर्यत जिंकली. २०१४ पासून तर त्या वरच्या गटात बंद गाडीच सक्तीची झाली. यावरून दोन गोष्टी दिसतात. वेगासाठी छप्पर हवे. पण एकट्या छपराने शर्यत जिंकली जात नाही.

देणे

आता सुरुवातीला म्हटलेले देणे.

मी अकरावीत असताना एका फेरीत अण्णांच्या ट्रकला नेहमीपेक्षा १८ लिटर डिझेल जास्त लागले. ट्रकच्या मालकाने चोरीचा संशय घेतला आणि पगारातून पैसे कापले. त्या महिन्यात माझी फी उशिरा भरली गेली. अण्णा एवढेच म्हणत होते, “ताडपत्री फाटली होती. वाटभर समोरून वारं होतं.” ते कोणीच ऐकून घेतले नाही. खरे सांगायचे तर मलाही ती सबब वाटली होती.

आज मला गणित येते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकसमोर ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर हवेला तो वेग ८० चा वाटतो. साठाचा वर्ग ३६००, ऐंशीचा ६४००. म्हणजे वायुरोध पावणेदोन पटींहून जास्त. त्यात फाटलेली ताडपत्री आधी वर फुगणार, मग फडफडणार आणि प्रत्येक फडफडीला भोवरे सोडणार. एकूण १८ लिटर वाऱ्यानेच प्याले असे मी म्हणणार नाही. ट्रकला रस्त्याची आणि टायरांची ओढ असते, भार असतो, चढ असतात. पण वाऱ्याने काहीच प्याले नाही असे म्हणणाऱ्याला हा हिशेब आधी खोडावा लागेल. डिझेल कमी भरले म्हणजे चोरी झाली, एवढे एकच उत्तर असत नाही.

हा हिशेब एका कागदावर लिहून मी संक्रांतीला अण्णांना वाचून दाखवला. वर्ग म्हणजे काय हे त्यांना चौकटीच्या फरशा मोजून समजावले. ते दोनदा ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे मी बोललो ते खरं होतं तर.” मी म्हटले, “होय. मीच चुकले होते.” कागद मालकाला दाखवा असे मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “पैसं काय आता परत येत नाहीत. पण नवी ताडपत्री मागताना उपयोगी पडंल.” आणि तो पडला. फेब्रुवारीत ट्रकला नवी ताडपत्री आणि नवे दोर मिळाले.

पैजेचा चहा क्लीनरने पाजला. पण पहिल्या काही सेकंदांपुरते त्याचे म्हणणे बरोबर होते, हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने अर्ध्या चहाचे पैसे परत मागितले. हिशेबाने पाहता तेही अगदीच गैर नव्हते.